सही माझी, मागणी त्यांची

त्या पायरीवर रोज दुपारी पाणी मारायचे. आम्ही बसू नये म्हणून.

कोल्हापुरातली बंगल्यांची कॉलनी. बसथांबा नगरसेविका वहिनीसाहेबांच्या गेटला लागून. थांबा म्हंजे नुसता खांब आणि पाटी. सकाळपासनं चार घरचा स्वयंपाक करून पाय भरून यायचे, म्हणून आम्ही कामवाल्या त्यांच्या पायरीवर टेकायचो. एक दिवस मी बसलेलीच हुते, तरी माळ्यानं पाइप सोडला. साडी, पिशवी, पिशवीतला डबा, सगळं भिजलं. वहिनीसाहेब वर गॅलरीत उभ्या.

"उठा गं. गेटसमोर काय बाजार मांडलाय? पाहुणे येतात आमच्याकडं."

मी उठले. बसमध्ये जागा हुती तरी उभी राहिले, सीट भिजंल म्हणून. तवा राग आला न्हाय मला. लाज वाटली. त्याचाच आता राग येतो.

संक्रांतीला ह्याच वहिनीसाहेबांनी हळदीकुंकू ठेवलं. आम्हांला मुद्दाम बोलावणं. माझ्याबरोबर आक्काताई असती, धुणंभांडी करती, धनी जाऊन लई वर्षं झालीत तिचा. तिलाबी कुंकू लावलं. फोटो काढला. आक्काताई ढसाढसा रडली. मलाबी वाटलं, बाई सुधारली. निघताना दारात टेबलावर कागद. वहिनीसाहेब म्हणाल्या, "हजेरी हाय, सही करा." वरचा भाग कोरा, खाली रेघा. मी सातवी शिकलेली. झोकात सही ठोकली. आक्काताईनं अंगठा दिला.

महिन्याभरात थांबा हलला. पार उताराच्या खाली, नाल्याजवळ. तिथवर पोचेपर्यंत बस जाती. ती गेली की शाहूपुरीतनं गावाकडं जाणारी बी चुकती. मग तासभर उन्हात. आक्काताईचे गुडघे गेलेत. तिला तो उतार झेपंना, तिनं दोन घरं सोडली.

आम्ही दोघी महापालिकेत गेलो. साहेबानं बसा म्हटलं, फाइल काढली आणि कागद माझ्यापुढं फिरवला. 'सदर थांबा गैरसोयीचा असून तो हलवावा, ही आम्हा स्थानिक महिलांची मागणी आहे.' खाली माझी सही. तिच्याखाली आक्काताईचा अंगठा.

हळदीकुंकवाची हजेरी ती.

वहिनीसाहेब तिथंच बाजूच्या खुर्चीत चहा घेत बसलेल्या. हसल्या. "सही तुझीच ना? मग भांडतीस कुणाशी? वाचून करायची."

आक्काताई पदर ओढाय लागली, चल म्हणून. तीच जुनी लाज वर आली. पण ह्यावेळी मी उठले न्हाय. म्हटलं, लाज मी का धरू? कुंकू लावून फसवलं ह्यांनी.

"साहेब, सही माझी हाय. वरचं लिहिणं माझं न्हाय. मी सही केली तवा कागद कोरा हुता."

"अर्ज द्या. बघू," साहेब म्हणाला.

कागद मागून घेतला, तिथंच अर्ज लिहिला. अक्षर वाकडं. आवकचा शिक्का मारून घेतला, पोच घेतली. वहिनीसाहेब म्हणाल्या, "उद्यापासनं कॉलनीत काम मिळतंय का बघ."

"बघते," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दोन घरांनी दारातनंच परत पाठवलं. तिसऱ्या घरच्या बाईनं तर फोनच उचलला न्हाय.

मग मोकळ्या वेळात मी त्या हजेरीतल्या एकेका बाईच्या दारात गेले. काही जणींनी दार लावून घेतलं. ज्यांनी ऐकलं त्यांना, थांबा परत जुन्या जागी आणा असा नवा अर्ज मोठ्यांदा वाचून दाखवला, दोनदोनदा, मगच सही घेतली. तो अर्जबी महापालिकेत दिलाय. उत्तर न्हाय. साहेब म्हणतो, प्रस्ताव वर गेलाय. वर म्हंजे कुठं, ते सांगत न्हाय.

आता अर्ज बास.

सोमवारी आम्ही जुन्या जागेवर उभ्या राहणार. पाटी नसली तरी. फूटपाथवर न्हाय, डांबरावर, बसच्या वाटेत. माझं उरलेलं चौथं घरबी जाईल, जाऊ दे. पोलीस आले तर त्यांनाबी हेच सांगणार. ड्रायव्हरनं कितीबी हॉर्न मारू दे. बस थांबून दार उघडल्याबिगर एक बाई रस्त्यातनं हलणार न्हाय.