केळीवालीची तबकडी

आमच्या बेटावर, प्वांत-आ-पीत्रच्या बाजारात, मसाल्यांच्या ओळीच्या टोकाला लेओनीजबाईंचं गाण्यांच्या जुन्या तबकड्यांचं दुकान. वय अठ्ठ्याहत्तर, पण जिभेला अजून विशीची धार! अकारविल्हे वगैरे त्यांना ठाऊक नाही. तबकड्या सगळ्या भावकीने लावलेल्या. तुम्हाला काय आवडतं तेवढं सांगा, बाई त्याचं चुलत भावंड काढून हातात ठेवणार. अमेरिकेच्या जॅझवर जीव टाकणाऱ्याला हमखास बिगीन मिळायची. आमच्या बेटाचाच जॅझ तो, क्लॅरिनेट आणि ट्रॉम्बोन सवाल-जवाबावर आलेले.

वाचनालयात जॅझची खोली उघडली, तशी बाईंनी वडिलांनी वाजवलेल्या क्लॅरिनेटची एकुलती एक तबकडी तिथे दिली. आठवड्याने बघायला गेल्या तर जॅझच्या फळीवर तिचा पत्ता नाही. सापडली कुठे, तर 'पर्यटकांची गाणी' अशी चिठ्ठी लावलेल्या खोक्यात!

"कुणाची अक्कल ही?" बाई कडाडल्या.

गाएतां, तिथला ग्रंथपाल, धावत आला. "मावशी, रागावू नका. कव्हर बघा ना. डोक्याला चौकड्यांचा रुमाल, टोपलीत केळी, दात काढून हसणारी पोरगी. मला वाटलं..."

"वाटलं! लावून ऐकलीस?"

"नाही."

"मग वाटलं कशाला रे, मेल्या? आणि ही पोरगी कोण, ओळखलीस?"

गाएतांने कव्हर पाहिलं, मग बाईंकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

सतरा वर्षांच्या होत्या तेव्हा. बेटावरचं काहीही असो, तबकडी काढणाऱ्या कंपनीला कव्हरवर केळीच हवी. वडील म्हणाले, हस गं पोरी, तेवढीच जरा जास्त खपेल. त्या हसल्या. तेव्हापासून साठ वर्षं ती तबकडी जाईल तिथे खोक्यात पडत आली.

"बापाने छाती फुटेस्तोवर फुंकलं," बाईंचा आवाज चिरकला, "आणि जगाने बघितले माझे दात! आग लागो त्या केळ्यांना!"

त्यांनी तबकडी बाहेर ओढली आणि कव्हर दोन्ही हातांत धरलं.

"मावशी, थांबा! तरुणपणीचा दुसरा फोटो आहे ना तुमच्याकडे?"

"नाही," बाई म्हणाल्या, आणि टर्रकन फाडलं.

मग पांढरं पाकीट मागून घेतलं. त्यावर वडिलांचं नाव लिहिलं, 'एव्हारिस्त, क्लॅरिनेट', आणि जॅझच्या फळीवर स्वतःच्या हाताने जागा करून तबकडी तिच्या भावकीत बसवली.