मामांनी नाव घेतलं की सिनेमा पडतो

ऑस्करच्या बाबतीत इतक्या आत्मविश्वासाने आणि इतक्या सातत्याने चुकणारा माणूस माझ्या बायकोच्या मामांखेरीज जगात दुसरा नसावा. वसईच्या पश्चिमेला एका ख्रिस्ती गावात त्यांची केळीची वाडी आहे. आचोळ्याहून मी दर रविवारी तिकडे जातो, केळी आणतो आणि भाकितं ऐकतो. मे महिन्यात फ्रान्सच्या महोत्सवात कोण जिंकलं, सप्टेंबरात इटलीत कोण, हे मामांना भाचरांच्या वाढदिवसांपेक्षा पक्कं ठाऊक. यातला एकही सिनेमा त्यांनी पाहिलेला नाही. पाहिला की मत बिघडतं, म्हणे. ते टाळ्यांची मिनिटं मोजतात. सहा मिनिटं टाळ्या पडल्या तर ऑस्कर नक्की. बारा पडल्या तर सिनेमा गेला, कारण हात दुखून घेतलेली माणसं पुढे मत द्यायला उठत नाहीत. एवढं शास्त्र असूनही त्यांनी ज्याची पाठ थोपटली तो सिनेमा हमखास पडला. प्रत्येक वेळी भाकीत बरोबर असायचं, फक्त परीक्षक चुकायचे.

अशात गावातल्या सिंथियाने घरच्या बोलीत एक सिनेमा केला. मराठी माणसालाही मराठी सबटायटल्स लागतील असा. त्यात मुख्य काम तिच्या आईचं. परदेशातल्या महोत्सवात तो पहिला आला, आणि आजवर सिंथियाला फक्त 'लग्नाचं काय' एवढंच विचारणारं गाव अभिनंदनाच्या फ्लेक्सवर आपापले फोटो छापू लागलं. भारतातर्फे ऑस्करला त्याची निवड झाली तरच त्याला थिएटर मिळणार होतं. चार जाणते मामांकडे आले आणि हात जोडून म्हणाले की या सिनेमाबद्दल तुम्ही तोंड उघडू नका.

मामा तीन दिवस गप्प होते. रविवारी मिस्सा सुटल्यावर मात्र त्यांनी चर्चच्या अंगणात, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, "सिंथियाचा सिनेमा निवडला जाणार नाही. त्यात दमच नाही." सिंथियाची आई रडत घरी गेली. लोक नाही नाही ते बोलले. त्यांना स्कूटरवर घरी सोडताना मीही दोन शब्द सुनावले. तेव्हा मागून हळूच आवाज आला, "जावईबापू, माझं आजवर एकदा तरी खरं झालंय का?"

पंधरा दिवसांनी निवड जाहीर झाली. दुसराच सिनेमा गेला.

हयातीत पहिल्यांदा मामांचं भाकीत खरं ठरलं, आणि त्यांना जेवण जाईना. शेवटी मीच त्यांना सिंथियाकडे घेऊन गेलो. तिची आई दारात उभी होती. म्हणाली, "मामा, या वेळी तरी चुकायचं होतंत."

"चुकण्यासाठीच बोललो होतो गं," मामा म्हणाले.

 मग तिने सिंथियाला लॅपटॉप आणायला सांगितलं आणि मामांसाठी खुर्ची पुढे ओढली. त्यांनी पूर्ण पाहिलेला तो पहिलाच सिनेमा. मत विचारायचा मला धीर झाला नाही.