सुताचं दुसरं टोक

जेवणं झाली की डेन्मार्कमधल्या या खाडीकाठच्या शेडमध्ये तासभर कुणी कामाला हात लावत नाही. ओकच्या ओल्या लाकडाचा आंबूस वास तेवढा रेंगाळत असतो. शालन मेस्त्री आपल्या बिघडलेल्या फळीला पाठ टेकून बसते. डोळा लागू द्यायचा नाही, असं ती स्वतःला बजावते, आणि बजावता बजावताच तिची मान खाली जाते.

फळी तिनेच बिघडवली आहे. शेजारच्या संग्रहालयात हजार वर्षांपूर्वीची व्हायकिंग जहाजं आहेत आणि या शेडमध्ये तशीच जहाजं, तसल्याच हत्यारांनी बांधायला शिकवतात. जुन्या होड्यांवर टिपणं लिहिण्यात शालनची वीस वर्षं गेली; निदान एक फळी तरी आपल्या हाताने तासावी म्हणून ती रजा काढून आली. काल तिची कुऱ्हाड कडेतून चांगली दोन बोटं आत शिरली. शिकवणारे मिस्त्री प्रेबेन फळीवर नजर टाकून पुढच्या माणसाकडे वळले, आणि ते तिला जास्त झोंबलं. होडी बांधणाऱ्याची पोर म्हणवून घ्यायचं आणि हात असा! उद्याचं परतीचं तिकीट तिने काढूनही ठेवलं आहे.

संग्रहालयाचं दालन उघडंच आहे. आत घोट्याएवढं पाणी आहे आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. मोठ्या जहाजाखाली कुणीतरी वाकून उभं आहे. गुडघ्यापर्यंतची चड्डी, कानावर पेन्सिल. पाच वर्षांपूर्वी वारलेले तिचे वडील, आबा.

"काय गो, जेवलंस?" ते मागे न बघताच विचारतात.

"जेवलंय. तुमी हय खय, आबा?"

"बघूक इलंय." ते फळीवरून तळवा फिरवतात. इथे हात लावायला मनाई आहे, पण पहारेकरी कौतुकाने बघत उभा आहे. "करवत लावूक नाय हेका. पाचर मारून फोडल्यानी. लाकडाची शीर जाय तशी फळी. म्हणान इतकी बारीक, तरी दर्यात तगली. काय माणसां गो ही!"

शालन हे वाक्य कितीदा तरी लिहून गेली आहे, पण आबांच्या तोंडून ऐकताना तिचा ऊर भरून येतो. देवगडच्या खाडीपलीकडे न गेलेला हा माणूस हजार वर्षांपूर्वीच्या सुतारांना शेजारच्या आळीतले असल्यासारखा ओळखतो आहे.

ते जहाजाला वळसा घालतात आणि दालन संपून गवताळ टेकाड लागतं. असं एक टेकाड तिने नॉर्वेत पाहिलं होतं. त्याच्या पोटात एका राणीला जहाजासकट पुरलं होतं. इथे माती बाजूला झाली आहे आणि जहाज नुकतंच बांधल्यासारखं ओलं दिसतं आहे.

"इतक्या बरा जहाज मातीत घातल्यानी?" आबा हळहळतात. मग म्हणतात, "मोठो मान दिल्यानी तिका."

मग ते जहाजाच्या एका फळीकडे बोट दाखवतात. "ह्यां बघ. कोणाचो तरी हात चुकलो. फळी अरुंद केल्यान आणि वरची रुंद घेतल्यान. टाकूक नाय."

शालनला एकदम रडू येतं. "लाकूड तासूक माका वाकस कधी हातात देवक नाय तुमी."

"नाय देवक."

"कित्याक?"

आबा कानावरची पेन्सिल काढतात, परत ठेवतात. "तुझो हात तुझ्या भावापेक्षा बरो, ह्यां माका ठावक होता. लोक काय म्हणतले म्हणान भियालंय. माझी चूक झाली, बाय."

आयुष्यभर हे ऐकायला ती तरसली आहे. आता ऐकल्यावर मात्र तिला आबांचीच दया येते.

टेकाडाच्या जागी आता देवगडची खाडी आहे. उन्हात तिची ओकची फळी आडवी पडली आहे. आबा खिशातून तांबड्या कावेत बुडवलेलं सूत काढतात. लांब फळीवर सरळ रेघ मारायची तर ते सूत दोन्हीकडून ताणून धरावं लागतं. दुसरं टोक खिळ्याला बांधता येतं, पण होडीच्या फळीला फुकटचं भोक पाडायचं नाही, हा आबांचा नेम. टोक धरायला माणूसच हवा, आणि तो नेहमी भाऊच असायचा.

"धर," आबा म्हणतात.

ती टोक चिमटीत धरते. पलीकडे आबा सूत ताणतात, मधोमध उचलतात आणि सोडतात. टण्!

"उठा, उठा," प्रेबेन टाळ्या वाजवत शेडमध्ये येतात. शालन दचकून उठते. प्रेबेन तिच्या फळीपाशी थांबले आहेत. फळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत तांबडी रेघ आहे, कालच्या घावाला नेमकं बाहेर टाकणारी. शालनच्या चिमटीलाही काव लागली आहे.

प्रेबेन एक डोळा मिटून रेघेच्या रोखाने बघतात. "आपण इथे कोळसा वापरतो," ते म्हणतात. "पण रेघ फार सुरेख आहे. असंच करायला हवं होतं. फळी अरुंद होईल, वरची आपण रुंद घेऊ." मग फळीची लांबी न्याहाळून विचारतात, "दुसरं टोक कुणी धरलं होतं?"

"मी," शालन म्हणते आणि कुऱ्हाड उचलते.