विजापूरच्या पुढं गाडी मी घेतली

आमच्या घरी लांबच्या प्रवासाला गाडी कोण चालवणार हा प्रश्न कधी निघायचाच नाही. गाडी आबा चालवायचे. आबा म्हणजे माझे सासरे. तरुणपणी ते ट्रॅक्टरवर होते, मग बरीच वर्षं त्यांनी जीप चालवली आणि त्या जीपमध्ये अख्खी भावकी कोंबून तुळजापूर, गाणगापूर, कोल्हापूर केलं. आपल्या हातून गाडीला कधी साधा ओरखडा आला नाही, हे ते प्रत्येक प्रवासाआधी सांगायचे, आणि ते खरंही होतं.

माझा नवरा बारामतीच्या एमआयडीसीत नोकरीला आहे. जाणंयेणं कंपनीच्या बसनं, त्यामुळं त्याचा हात गाडीवर फारसा बसलेला नव्हता. मी बारामतीतल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते आणि आमच्या गावाहून, लासुर्ण्याहून, रोज स्वतः गाडी चालवत जाते. कारखाना सुरू असला की त्या रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर असतात. मागं दोन-दोन ट्रॉल्या, ट्रॉलीला लाल दिवा नाही, आणि गाणी इतक्या मोठ्यानं लावलेली की ट्रॅक्टरवाल्याला हॉर्न ऐकूच जात नाही. त्या रस्त्यावर रोज चालवणारा माणूस कुठंही गाडी चालवू शकेल, असं मला तेव्हाही वाटायचं आणि आजही वाटतं. पण लांबची गाडी आबांची, हे घरात इतकं पक्कं होतं की त्यावर कधी बोलणंच झालं नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत हंपीला जायचं ठरलं ते माझ्या मुलीमुळं. शाळेत तिला विजयनगरचा धडा होता आणि तो दगडी रथ प्रत्यक्ष बघायचाच, असं तिनं मनात घेतलं होतं. आबांना रस्ता ऐकूनच आनंद झाला. इंदापूरला हायवेला लागायचं, सोलापूर, विजापूर आणि तिथून सरळ खाली. घाट नाही, वळण नाही. "डोळं झाकून जाऊ," असं ते म्हणाल्याचं मला चांगलं आठवतं. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

आम्ही दिवस उजाडायच्या आधीच निघालो. पुढं आबा आणि त्यांच्या शेजारी माझा नवरा. मागं आबांच्या पाठीशी माझ्या सासूबाई, ज्यांना आम्ही आत्या म्हणतो, मध्ये मुलगी आणि डाव्या खिडकीशी मी. मुलीला मी पट्टा बांधायला लावला. आत्यांना लावायला गेले तर त्यांनी हात बाजूला केला. पोटावर काही आवळलेलं त्यांना सोसत नाही म्हणाल्या.

विजापूरपर्यंत प्रवास छान झाला. गोलघुमट पाहिला, मुलीनं वरच्या सज्ज्यात जाऊन चारपाच वेळा स्वतःच्याच नावाची हाक मारून घेतली. दुपारी एका खानावळीत जेवलो. तिकडची पातळ ज्वारीची भाकरी, वांग्याची भरली भाजी, शेंगदाण्याची चटणी, वर दही. आबा पोटभर जेवले. आत्यांनी केलेल्या पुरणपोळ्या डब्यात होत्या, त्यातल्याही दोन त्यांनी खाल्ल्या. जरा पडता का, असं नवऱ्यानं विचारलं. त्यावर, पडायला काय म्हातारा झालोय काय, असं म्हणत आबा गाडीत बसलेसुद्धा.

विजापूर सुटलं की रस्ता एकदम मोकळा होतो. दोन्ही बाजूंना काळं रान, मध्येच तुरीचा पट्टा, लांबवर एखादं झाड, आणि समोर रस्ता नुसता ताणून ठेवल्यासारखा. लोक घाटाला भितात. मला घाटाची भीती वाटत नाही, कारण घाटात ड्रायव्हर झोपत नाही. प्रत्येक वळण त्याला जागं ठेवतं. सरळ रस्त्यावर मात्र त्याला करायला काहीच उरत नाही. त्यात पोट भरलेलं, काचेतून येणारं ऊन, गाडीतला गारवा आणि मागं सगळे पेंगलेले. नवरा मान टाकून झोपला होता. आत्यांचा डोळा लागला होता. मुलीचं डोकं माझ्या खांद्यावर होतं.

मी जागी होते. माझ्या जागेवरून मला आबांचा डावा गाल आणि डोळा दिसत होता. पापणी खाली यायची, अर्ध्यावर थांबायची आणि झटक्यानं वर जायची. मग ते मान ताठ करायचे, सीटवर जरा सरकून बसायचे. मी हाक मारली. "जागा हाय मी," असं ते लगेच म्हणाले. थोड्या वेळानं मी म्हटलं, कुठं टपरी दिसली तर चहा घेऊ. ते म्हणाले, कोल्हारला कृष्णेवरचा पूल येतोय, तो ओलांडला की थांबू. पुन्हा पापणी खाली आलेली दिसली तेव्हा मुलीला मळमळतंय असं मी ठोकून दिलं. त्यावर त्यांनी खिडकी थोडी खाली करून दिली आणि गाडी तशीच ठेवली.

मी दोन्ही सीटांच्या मध्ये पुढं वाकून बसले. आता दिसेल तिथं थांबवायचंच, असं मनाशी ठरवत होते, तेवढ्यात गाडी डावीकडं सरकायला लागली. ती इतकी हळू सरकत होती की डोळे मिटलेल्याला कळलंच नसतं. पांढरी रेघ चाकाखाली आली. समोर रस्त्याच्या कडेला मक्याची पोती भरलेला एक ट्रक उभा होता. त्याचं मागचं चाक काढलेलं होतं आणि गाड्यांना कळावं म्हणून मागं मोठाले दगड मांडून त्यात बाभळीची फांदी खोचली होती. मी आबांच्या चेहऱ्याकडं पाहिलं. डोळे पूर्ण मिटलेले होते.

त्यांचा खांदा मी जोरात दाबला आणि ओरडले, "आबा, उजवीकडं!"

त्यांचे हात आधी जागे झाले, ते स्वतः मागून. गाडी उजवीकडं फेकल्यासारखी वळली. फांदी काचेवर घासत गेली, खाली दणका बसला, टायर फुटल्याचा आवाज झाला आणि ट्रक माझ्या खिडकीला लागूनच मागं गेला. पोत्यांवरचे शिक्के मला वाचता आले असते, इतका तो जवळ होता. गाडी दुभाजकापर्यंत गेली आणि थांबली. मागून येणारी एक गाडी लांब हॉर्न देत आमच्या डावीकडून निघून गेली. ती जरा आधी आली असती तर आमच्यावरच आदळली असती.

मुलगी पट्ट्यानं जागच्या जागी होती. रडलीही नाही, नुसती माझ्याकडं बघत राहिली. आत्यांचं कपाळ पुढच्या सीटवर आपटून टेंगूळ आलं. नवऱ्यानं आणि मी गाडी तशीच रखडत कडेला घेतली, सगळ्यांना उतरवून रस्त्यापासून लांब बसवलं. ट्रकचा ड्रायव्हर धावत आला. त्याचं कानडी आम्हाला कळत नव्हतं, आमचं मराठी त्याला. पण त्यानं पाण्याचा कॅन आणला आणि स्टेपनी लावायला नवऱ्याला मदत केली.

आबा मैलाच्या दगडावर बसून होते. तेव्हा आत्या माझ्या कानाशी म्हणाल्या की काल रात्री आबा झोपलेच नाहीत. या आठवड्यात शेताची लाईट रात्रीची होती, म्हणजे मोटरीला वीज रात्रीच मिळायची. चार दिवस घरी नाही, ऊस वाळेल, म्हणून ते गुपचूप मोटर चालू करायला गेले, पाणी देऊन आले, अंघोळ केली आणि सरळ गाडीत बसले. आम्हाला वाटलं होतं ते आमच्यासाठी लवकर उठलेत.

हे ऐकल्यावर मला रागही आला आणि त्यांची दयाही आली. पण दोन्ही दाखवायची ती वेळ नव्हती. पुढं अजून बराच रस्ता बाकी होता. मी जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिले आणि हात पुढं केला.

"आबा, किल्ली द्या. हितनं पुढं मी चालवते."

त्यांनी वर पाहिलं. "तू बारामतीपातुर चालवतीस पोरी. ही लांबची गाडी हाय."

"गाडी तीच आहे. रस्ता आपल्या रस्त्यापेक्षा चांगला आहे. आणि मी रात्री झोपलेय."

शेवटचं वाक्य त्यांना लागलं असणार. ते नवऱ्याकडं बघायला लागले. नवरा चाकाचे बोल्ट आवळत होता. मान वर न करता म्हणाला, तिलाच द्या, आपल्या तिघांत रोज गाडी चालवणारी तीच आहे. आत्या उठून गाडीत बसल्या आणि पट्टा कुठं अडकवायचा ते नातीला विचारायला लागल्या. आबांनी खिशातून किल्ली काढली आणि माझ्या हातावर ठेवली.

सीट पुढं ओढली, आरसे माझ्या उंचीला लावले आणि निघाले. मला भीती वाटली का, असं पुढं अनेकांनी विचारलं. नाही वाटली. मन अगदी शांत होतं. हे काम मला येतं, एवढंच त्या वेळी डोक्यात होतं. आबा आता शेजारच्या सीटवर होते. सुरुवातीला समोर ट्रक दिसला की त्यांचा उजवा पाय खाली दाबला जायचा, तिथं ब्रेक नसताना. "जाऊ दे त्याला," "आता काढ," असं चालू होतं. मी प्रत्येक वेळी हो म्हणत होते आणि माझ्या अंदाजानं चालवत होते. कृष्णेवरचा पूल आला तेव्हा त्यांना दाखवायला मान वळवली, तर ते गाढ झोपले होते. मी चहासाठी थांबले, मग एकदा टायरवाल्याकडं थांबले, पुढं पुन्हा पाय मोकळे करायला थांबले. अंधार पडायच्या आत होस्पेट आलं, तेव्हा कुठं ते उठले आणि आलो काय, असं विचारलं.

हंपीत दोन दिवस मजेत गेले. मुलीचा रथ पाहून झाला. आबांना तिथल्या दगडी पाटांनी वेड लावलं. इतक्या जुन्या काळी पाणी कुठून आणलं, कुठं नेलं, हे ते पाटाच्या कडेकडेनं चालत बघत होते.

परतीच्या वाटेवर किल्ली त्यांनी मागितली नाही. सोलापूर मागं पडलं, मोहोळ गेलं. घर आता हाकेच्या अंतरावर आलंय असं वाटायला लागलं आणि नेमकं तिथंच माझं डोकं जड व्हायला लागलं. मागच्या दोन किलोमीटरमध्ये काय दिसलं ते आठवून पाहिलं, तर आठवेना. प्रवासातला सगळ्यात फसवा तुकडा हाच असतो. सगळे घरच्या गोष्टी बोलायला लागतात, म्हशीचं काय, दुधाचं काय, आणि ड्रायव्हरला थांबायची लाज वाटते. मला वाटली नाही. टेंभुर्णीच्या अलीकडं एक पेट्रोलपंप दिसला, तिथं लिंबाच्या सावलीत गाडी उभी केली आणि म्हटलं, मी जरा झोपणार आहे.

नवरा म्हणाला, आता राहिलंच किती. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत आबा दार उघडून उतरले होते. "उतरा सगळी," ते म्हणाले. "डायवर झोपतोय."

सीट मागं पाडून मी झोपले. किती वेळ ते माहीत नाही, पण जाग आली तेव्हा ऊन बरंच कललं होतं. आबा बॉनेटपाशी पाठमोरे उभे होते आणि हवा भरायला आलेल्या एका टेम्पोवाल्याला हॉर्न वाजवू नको म्हणून सांगत होते. आत्या आणि मुलगी पंपाच्या कट्ट्यावर घरून आणलेल्यांपैकी उरलेल्या दशम्या खात होत्या. मी काच खाली केली. आबा जवळ आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "मला त्या दिवशी हे सुचलं न्हाय. थांबायचं म्हंजी हरल्यावानी वाटायचं बघ."

मी म्हटलं, बसा आता, निघू.

गावात ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. आबांनीच सांगितली, डेअरीवर, दूध घालायला आलेल्या दहा माणसांत, आपला डोळा लागला होता हे न लपवता. काहींनी चेष्टा केली. सुनेनं गाडी काढून घेतली म्हणाले. आबांनी ते हसून घेतलं आणि जो कुणी पोरांना घेऊन सुट्टीला बाहेर निघाला असेल त्याला, रात्री झोपलास का, असं विचारायला सुरुवात केली. काही जणांना त्याचा कंटाळा येतो. विचारणं काही थांबलेलं नाही.

नवऱ्याला मी त्या हिवाळ्यात रविवारी सकाळी गाडीवर बसवलं. वरकुट्याच्या रस्त्यानं जायचं आणि यायचं. आधी त्याच्या हातात फोन दिसला की मी गाडी थांबवायला लावायचे, आता तो फोन स्वतःच मागं देतो. गेल्या दिवाळीत आम्ही आंबोलीमार्गे सावंतवाडीला गेलो. कोल्हापूरपर्यंत मी, पुढं तो. घाट त्यानं व्यवस्थित उतरवला, दुसऱ्या गिअरात, कुठंही घाई न करता. मी शेजारी बसून दरीतलं धुकं बघत होते. लग्नानंतर इतक्या वर्षांत मला पुढच्या सीटवरून असा रस्ता नुसता बघायला पहिल्यांदाच मिळत होता.