टाकीवर वास नव्हता

जयपूरजवळच्या बगरूच्या पुढे, अजमेर रस्त्याच्या आत, एका कारखान्याचं स्वतःचं छोटं वीजघर आहे. तिथे मी नऊ वर्षं केमिस्ट होतो. कोळसा जळला की धुरात गंधकाचा वायू येतो. तो धूर चिमणीत सोडण्याआधी एका उंच टॉवरमध्ये धुवावा लागतो. वरून चुनखडीचं पीठ कालवलेलं पाणी फवारायचं, खालून धूर सोडायचा. गंधक पाण्यात उतरतो आणि त्याचं जिप्सम होऊन तळाशी बसतं. या कामाला पाणी खूप लागतं, आणि आमच्या भागात ते जमिनीतून उपसून पुरलं नसतं. म्हणून शहराचं सांडपाणी शुद्ध होऊन पाइपातून आमच्याकडे यायचं आणि जमिनीखालच्या एका झाकलेल्या टाकीत साठायचं.

सुरुवातीला मला या व्यवस्थेचं कौतुक होतं. चिमणीतून निघणारा पांढराशुभ्र ढग मी बायकोला आणि मुलीला मुद्दाम गाडी थांबवून दाखवला होता. थंडीत तो ढग खाली झुकायचा आणि निरभ्र आकाशातून कंपनीच्या बसच्या काचेवर बारीक थेंब पडायचे. आमचा ड्रायव्हर वायपर लावून म्हणायचा, "लो साब, जयपुर नहा के ऊपर जा रहा है." सगळे हसायचे. मीही हसायचो. पण थेंब गालावर पडला की रुमालाने लगेच पुसायचो. कुणाच्या तरी मोरीतून निघालेलं पाणी एवढा प्रवास करून आपल्याला शोधत आलंय, असं काहीतरी वाटायचं.

त्या टाकीची देखभाल ज्याच्याकडे होती त्याला सगळे काकासा म्हणत. माझ्यापेक्षा दहाबारा वर्षांनी मोठा, बगरूजवळच्याच गावचा, निवृत्तीला आलेला. रोज सकाळी तो टाकीतून बाटलीभर पाणी काढायचा, नाकाशी धरायचा आणि रजिस्टरमध्ये लिहायचा: वास नाही. किंवा: थोडा वास. पाणी बंद टाकीत फार दिवस राहिलं तर कुजतं आणि त्यातून सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू सुटतो. तो मोजायचं मीटर होतं, माझ्या ड्रॉवरमध्ये, बंद पडलेलं. दुरुस्तीला पाठवायचं काम माझं होतं. मी ते पुढे ढकलत होतो, कारण काकासाचं नाक होतं. जुन्या लोकांच्या नाकावर आमच्याकडे मीटरपेक्षा जास्त भरवसा. टाकीत उतरायच्या परमिटवर वायूच्या रकान्यात मी शून्य लिहायचो ते त्याच्या नाकावर.

एप्रिलमधल्या एका दुपारी तो माझ्यासमोर डबा खात होता. दोन हात लांब बसूनही मला कळलं, कढी नासली होती. तो शांतपणे ओरपत होता.

"काकासा, कढी खराब झालीये तुमची."

त्याचा हात थांबला. सवयीने त्याने डबा नाकाशी नेला, मग खाली ठेवला.

"दो साल हो गए, साब. वो बुखार आया था ना, तब से कुछ नहीं आता."

"दोन वर्षं? मग रजिस्टरमध्ये रोज काय लिहिता?"

"पानी का रंग देखता हूँ. और आपका मुँह. आप टंकी के पास से निकलते हो तो नाक सिकोड़ते हो. जिस दिन ज़्यादा सिकोड़ी, उस दिन थोड़ा वास."

मला हसू आलं. दोन वर्षं तो माणूस माझं तोंड वाचून वास लिहीत होता.

"डेढ़ साल बचा है," तो म्हणाला. "बोल दोगे तो गोदाम में बोल्ट गिनने बिठा देंगे."

मी बोललो नाही. ही माझी दयाबुद्धी होती असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत राहिलो. खरं तर त्याचं नाक गेलं असं जाहीर झालं असतं, तर पहिला प्रश्न मीटर कुठे आहे हाच आला असता. आम्ही आपसांत ठरवून टाकलं: वास मी घ्यायचा, लिहायचं त्याने.

जूनमध्ये बॉयलरच्या दुरुस्तीसाठी वीजघर तीन आठवडे बंद राहिलं. चिमणीवरचा ढग गेला. इतकी वर्षं ज्या घरघरीवर आम्ही ओरडून बोलायचो ती थांबली आणि स्वतःच्या बुटांचा आवाज मागून कुणी येतंय असा वाटायला लागला. कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यावरून मोर चालत जायचे. भर दुपारी, लू वाहत असताना, टाकीच्या लोखंडी झाकणातून अधूनमधून टक् असा आवाज यायचा. उन्हाने पत्रा तापून तसं होतं, हे मला माहीत होतं. तरी मी वळसा घालून जायचो.

यंत्रं सुरू करायच्या आदल्या सकाळी टाकीतल्या पंपाची जाळी साफ करायची होती. काकासा, मी आणि एक गार्ड, असे तिघे होतो. झाकण उघडायच्या आधीच मी परमिटवर शून्य लिहून टाकलं होतं.

झाकण सरकलं आणि आतून कुणी वाकून बाहेर पाहावं तसा तो वास आला. गार्ड मागे हटला, मीही हटलो. काकासा जागचा हलला नाही. तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

मग मी पुढे जाऊन वाकलो. वास होता, आणि दुसऱ्या मिनिटाला नव्हता. एकदम स्वच्छ. खाली काळं पाणी, त्यात आभाळाचा एक गोल तुकडा आणि त्यात माझं डोकं. सकाळी खाल्लेल्या कांदा-कचोरीचा वास बोटांना होता, तोसुद्धा गेला होता. पण हे मला नंतर आठवलं.

"बास गई?" काकासाने विचारलं.

"गेला," मी म्हणालो. "हवा लागली."

दरवर्षी नव्या मुलांना मीच शिकवायचो की हा वायू फार झाला की आधी नाक बंद पडतं. वास गेला म्हणजे वायू गेला असं समजू नका. हे मी फळ्यावर माझ्या हाताने लिहिलेलं आहे.

काकासाने कमरेला दोर बांधला. चौथ्या पायरीवरून त्याचा आवाज आला, "अंदर बड़ी शांति है, साब." मग दोराला हिसका बसला.

गार्डने आणि मी त्याला ओढून वर काढलं. चेहरा राखेसारखा झाला होता. श्वास आला तो इतक्या उशिरा, की तोवर मी मनातल्या मनात त्याच्या बायकोसमोर उभा राहून आलो होतो.

तो वाचला. दहा दिवस इस्पितळात होता. चौकशी बसली तेव्हा मी दाराबाहेरच्या बाकावर होतो आणि तो आत काय बोलला ते मला सगळं ऐकू आलं. म्हणाला, नाक माझंच खराब आहे, मी लपवलं, साहेबांना काही माहीत नव्हतं. नंतर मला आत बोलावलं. मी सांगितलं, मला कल्पना नव्हती. परमिटवरचं शून्य त्याच्या सांगण्यावरून लिहिलं. व्यंग लपवल्याबद्दल त्याला कामावरून काढलं.

वीजघर सुरू झालं, ढग परत आला. आणि मला घरात सडक्या अंड्याचा वास यायला लागला. आधी मोरीत, मग उशीत, मग पोह्यांत. बायको म्हणायची, "अहो, मला तर काहीच येत नाही." हे ऐकलं की मी उठून सगळ्या खिडक्या उघडायचो. एका रविवारी सकाळी मी तिला आणि मुलीला सगळं सांगितलं. मुलगी इथेच वाढलेली, तिचं मराठी अडखळत चालतं. ती म्हणाली, "मतलब, बाबा, तुम्हाला माहीत होतं. मग ते काकाजी घरी का बसलेत अजून?"

त्याच दिवशी मी त्याच्या गावी गेलो. तो अंगणात खाटेवर बसला होता, बराच वाळलेला. मला बघून त्याला आनंद झाला, हे सर्वांत अवघड गेलं.

"नाक लौट आई, साब," तो म्हणाला. "एक ही बास लेकर आई है. वही टंकी वाली. रोटी में वही, पानी में वही."

त्याची बायको, काकीसा, दाराशी उभी होती. ती म्हणाली, दिवसातून तीनदा मटका रिकामा करायला लावतात. घोट घेतात आणि थुंकतात.

काकासाने तांब्या माझ्यापुढे धरला. "आप सूँघ के बताओ. आपकी नाक पे भरोसा है."

मी वास घेतला. काही नव्हतं. पाणी चांगलंच असणार. पण "नाही" हा शब्द माझ्या तोंडातून निघेना. मी तांब्या खाली ठेवला आणि त्याला सांगितलं: त्या दिवशी वास आला होता आणि एकदम गेला होता, तो असा जातो तेव्हा काय समजायचं हे मला माहीत होतं, मीटर माझ्या ड्रॉवरमध्ये होतं, आणि चौकशीत साहेबांसमोर मी खोटं बोललो.

रागाची वाट पाहत मी मान खाली घालून बसलो होतो.

"मुझे क्यों बता रहे हो," तो म्हणाला. "मैं तो वहीं था. जिनके सामने झूठ बोला, उनको बोलो."

सोमवारी मी लेखी जबाब दिला. त्याच्या कागदावरचा लपवल्याचा ठपका निघाला, नोकरी मात्र परत मिळाली नाही. डॉक्टरांनीच नको म्हटलं. मला टाकीच्या कामावरून काढलं. चौकशी अजून चालू आहे.

काही सकाळी त्याचा फोन येतो. तब्येतीचं, हवेचं बोलून झालं की तो जरा थांबतो. तांब्या हातात असणार. मग विचारतो, "पानी ठीक होगा ना, साब?"

मी सांगतो, काकासा, काकीसांना विचारा. मला नका विचारू.