नागिणीची दोन टोकं

बाबांच्या कपाळावर फोड आले तो सोमवार होता, आणि आमच्या घरात सगळ्यांना गुरुवारची धास्ती होती.

बाबा दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका काचेच्या कारखान्यात क्वालिटी चेकर होते. टॉवरना लागणाऱ्या मोठमोठ्या काचा दिव्यासमोर उभ्या करायच्या आणि ओरखडा, बुडबुडा, डाग शोधायचा, हे त्यांचं काम. मी नववीत असताना दुबईतले टॉवर अर्ध्यावर थांबले आणि काचांच्या ऑर्डरीही थांबल्या. तेव्हापासून दर गुरुवारी, शुक्रवारच्या सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी, ऑफिसातून यादी यायची. नाव आलं की व्हिसा रद्द, महिनाभरात देश सोडायचा. आजारपणाची रजा घेणाऱ्यांची नावं आधी लागतात, असं कंपनीच्या बसमध्ये बोललं जायचं. ते खरं होतं की नाही, मला आजही माहीत नाही. बाबांना मात्र ते खरं वाटत होतं. गेले चार महिने ते नीट जेवत नव्हते आणि पहाटे तीनलाच उठून बसत होते.

फोड कपाळाच्या उजव्या अर्ध्या भागात होते, केसांपासून भुवईपर्यंत. आग इतकी होत होती की त्यांना उशीही सोसवत नव्हती. रोल्ला भागातल्या आमच्या इमारतीत समोरच्या दारात नाशिकच्या काकू राहायच्या. त्यांनी एकदाच पाहिलं आणि आईला म्हणाल्या,

"अगं बाई, ही तर नागीण! दोन टोकं मिळू देऊ नकोस हं. डोक्याभोवती वेढा पूर्ण झाला की संपलं." मग बाबांकडे वळून म्हणाल्या, "भाऊजी, डॉक्टरला दाखवून या की."

"कंपनीच्या विम्याच्या कार्डावर गेलो तर कागद एचआरकडे जातो, वहिनी."

"मग बाहेर दाखवा."

"बाहेरचा तरी काय सांगणार? घरी बसा म्हणेल. तेच तर जमत नाही ना! एवढा गुरुवार जाऊ दे."

आईने पूजेच्या सामानाच्या दुकानातून गेरू आणला. तो उगाळून ती दोन्ही वेळेला लेप द्यायची आणि कामावर जाण्याआधी ओल्या कापसाने पुसून काढायची. हेल्मेटचा पट्टा नेमका फोडांवर बसायचा. सुपरवायझरने विचारलं तेव्हा बाबांनी अ‍ॅलर्जी सांगितली. तो म्हणाला, "टेन्शन मत ले यार, लिस्ट तो ऊपर से आती है."

आई रोज सकाळी कपाळाच्या मधोमध दोरा धरून पाहायची. फोड त्या दोऱ्यापाशी कापल्यासारखे थांबले होते. मंगळवारी थांबले, बुधवारीही थांबले. "बघ, एक रेघही सरकली नाही," असं ती मला सांगायची, आणि तिच्या आवाजात खूप दिवसांनी थोडा आनंद असायचा. बुधवारी नाकाच्या शेंड्यावर एक बारीक फोड आला. तो दोऱ्यापासून खाली होता, टोकाकडे जात नव्हता, म्हणून त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. मीही नाही. उजवा डोळा लाल झाला तेव्हा गेरू आत गेला असेल म्हणून आईने तो गुलाबपाण्याने धुतला.

गुरुवारी यादी आली. बाबांचं नाव नव्हतं. मग पुढच्या गुरुवारपर्यंत थांबू या, असं ठरलं. त्या गुरुवारीही नव्हतं. शेवटी डॉक्टरकडे गेलो तेव्हा त्यांनी नाकावरची खपली पाहिली, डोळ्यात उजेड टाकला आणि विचारलं, "इतने दिन क्या कर रहे थे?" बाबा म्हणाले, "ड्यूटी."

उजव्या डोळ्यासमोर आता दुधी काच आहे, असं बाबा सांगतात. एका डोळ्याने ओरखडे सापडेनात, म्हणून कंपनीने त्यांना कमी पगारावर स्टोअरमध्ये टाकलं. रबरी पट्ट्यांची खोकी उतरवायची, रचायची. काढून टाकलं नाही, हे उपकारच, असं सगळे म्हणाले. यादीत त्यांचं नाव कधीच आलं नाही.

पुढे मी अल ऐनला मेडिकल लॅबच्या कोर्सला गेले. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिली. तिथे एका सकाळी कांजिण्यांचा विषाणू शिकवला. लहानपणच्या कांजिण्या बऱ्या झाल्या तरी तो मज्जातंतूंच्या मुळाशी निजून राहतो. रक्तातल्या पेशी त्याच्यावर पहारा देतात. माणूस महिनोन्‌महिने भीतीत राहिला की शरीरात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढलेलं राहतं, पहारा ढिला पडतो आणि विषाणू नसेवरून वर येतो; तीच नागीण. मी भीतभीत हात वर करून विचारलं, एखाद्या माणसाला भीतीमुळेच हा आजार झाला असं म्हणता येईल का? मॅडम म्हणाल्या, खात्रीने नाही. वय असतं, इतर कारणं असतात. मी तेही लिहून घेतलं. त्यांनी आणखी काही गोष्टी सांगितल्या. नाकाच्या शेंड्यावर फोड आला की डोळा धोक्यात आहे असं समजायचं, आणि पहिल्या तीन दिवसांत गोळ्या सुरू करायच्या. नस एकाच बाजूची असते, त्यामुळे फोड सहसा मधली रेघ ओलांडत नाहीत.

म्हणजे आई जिथे दोरा धरत होती, तिथून पुढे ते बहुधा जाणारच नव्हते.

त्या शुक्रवारी घरी येऊन मी वही उघडून बाबांना सगळं समजावलं. फक्त मधली रेघ आणि नाकावरचा फोड सोडला. मला वाटलं होतं, त्यांना बरं वाटेल. हे कंपनीने केलं, असं ते म्हणतील.

त्यांनी नीट ऐकलं, मग म्हणाले, "म्हणजे मी घाबरलो नसतो तर झालं नसतं."

"तसं नाही, बाबा."

"तसंच लिहिलंयस की तू. सगळे सांगत होते, टेन्शन घेऊ नको. मलाच जमलं नाही."

भीती तुम्ही घेतली नव्हती, ती तुम्हाला दर गुरुवारी दिली जात होती, असं मला म्हणायचं होतं. वहीत तसं वाक्य नव्हतं, आणि वहीबाहेरचं बोलायचा धीर मला तेव्हा झाला नाही.

आई चहा घेऊन आली. कप नेहमीसारखा त्यांच्या डाव्या बाजूला ठेवला. वहीतलं चित्र पाहून तिने विचारलं, "हे नागिणीचंच ना गं? यांना विचार, केवढी पसरली होती. पण टोकं मिळू दिली नाहीत मी."

"हो, आई," मी म्हटलं आणि तिने पुढचं पान उलटण्याआधी वही मिटली.