ब्रेक जड झालाय

मास्तरांनी उभ्या जन्मात कुणाला काही शिकवलं नव्हतं. शाळेशी त्यांचं स्वतःचंच कधी पटलं नव्हतं. तरी सगळे त्यांना ब्रेकमास्तर म्हणत, कारण मोठ्या चढाच्या पायथ्याशी त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं आणि तिथे ते ब्रेकखेरीज दुसऱ्या कशाला हात लावत नसत. कुणी इंजिनाचा आवाज ऐकवायला आलं की म्हणत, "पळवायचं काम पुढच्या गल्लीत. इथे फक्त थांबवून मिळेल." एवढं थांबवणाऱ्या माणसाच्या जिभेला मात्र ब्रेक नाही, असं त्यांची बायको येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायची.

बायको गाडी चालवायची. चढाच्या वर इस्पितळ होतं आणि खाली, गॅरेजला लागूनच, त्याचं धुलाईघर. धुतलेल्या चादरी वर न्यायच्या, मळक्या खाली आणायच्या, हे तिचं काम. ड्रायव्हरची लेक ती. लग्न होऊन आली तेव्हाच तिला गाडी येत होती आणि मास्तरांना सायकलही धड येत नव्हती, असा तिचा दावा होता. इस्पितळात तिला गाडीवाल्या काकू म्हणत. तिची व्हॅन इतकी जुनी होती की तिला नाव ठेवायला कुणाला डोकं चालवावं लागलं नाही. ती म्हातारी. गाडी चालवायची तिने आणि थांबवायची यांनी, अशी संसाराची सरळ वाटणी होती.

थांबवण्यातही तिचा वाटा होताच. ब्रेक उघडला की नळीत हवा शिरते, आणि ती काढायला दोन माणसं लागतात. एकाने सीटवर बसून पेडल दाबायचं, दुसऱ्याने खाली झोपून चाकाजवळची बारीक निपल सैल करायची, हवा आणि ऑइल बाहेर आलं की ती बंद करायची, आणि मगच वरच्याने पाय उचलायचा. आधी उचलला तर हवा परत आत. खालून मास्तर ओरडत, "दाब. धर. सोड." वरून ती दाबायची, धरायची, सोडायची. लग्न झाल्यापासून गॅरेजातल्या बहुतेक गाड्यांची हवा या दोघांनीच काढली होती. अबोला असला तरी हे तीन शब्द बोलावेच लागत, आणि चार चाकं होईपर्यंत अबोला कशावरून होता ते दोघं विसरून जात. गाडीखाली पडून नुसत्या ऑइलच्या धारेवरून मास्तरांना कळायचं की आज बाईसाहेबांचा पारा कुठे आहे.

एका सकाळी चहाचा कप ठेवत ती म्हणाली, "अहो, ब्रेक जड झालाय."

मास्तरांनी त्याच दिवशी चारही चाकांचे ड्रम उघडले. आतले, चाक धरणारे शू चांगले होते, गळती कुठे नव्हती. त्यांनी सगळं पुसलं, ग्रीस लावलं, बसवलं. आठवडाभराने ती परत म्हणाली, "जडच आहे हो."

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, ब्रेक ठीक आहे, तुला काय होतंय? पण ब्रेकमास्तर तो. त्याला कुणी म्हणालं ब्रेक जड, तर तो ब्रेकच बघणार. त्यातून घरच्या गाडीची तक्रार, म्हणजे इभ्रतीचा प्रश्न. मास्तरांनी निकाल दिला की म्हातारीची जुन्या जमान्यातली रचनाच आता पुरत नाही; सगळा जोर पायानेच द्यायचा म्हणजे काय! ते उठले आणि भंगारवाल्याकडे गेले.

भंगारवाला त्यांचा जुना दोस्त. त्याच्या आवारात मेलेल्या गाड्या एकीवर एक रचलेल्या असत, आणि कुठली कशाने मेली हे त्याला तोंडपाठ होतं. एका मोठ्या प्रवासी गाडीचा बूस्टर त्याने काढून दिला. इंजिनाच्या ओढीवर चालणारा, तव्याएवढा गोल डबा. पायाने थोडं दाबलं की उरलेला जोर तो लावतो. म्हातारीत तो बसेना. मास्तरांनी पत्रा कापला, पट्टी वाकवून वेल्डिंग केलं, दांडी घासून घासून नेमकी केली. बायकोने चढावर चक्कर मारली आणि उतरताच म्हणाली, "लोण्यासारखा झाला!" मास्तरांची छाती अशी फुगली की बूस्टर त्यांच्यातच बसवलाय असं वाटावं.

उन्हं तापायला लागली तशी ती परत म्हणाली, "अहो, पुन्हा जड वाटतोय."

मग मास्तर इरेला पेटले. पुढचे ड्रम काढून डिस्क घालायचं ठरलं. डिस्क एका मोटारीच्या, त्यांना धरणारे कॅलिपर दुसऱ्याच एका टेम्पोचे, आणि ते बसवल्यावर म्हातारीची चाकं त्यांच्यावरून जाईनात म्हणून चाकं तिसऱ्याच गाडीची. मागचे ड्रम तेवढे हातब्रेकसाठी तसेच ठेवले. भंगारवाला म्हणाला, "मास्तर, उद्या हिचं काही बरंवाईट झालं तर रडायला चार घरचे नातेवाईक येतील."

"येऊ देत. तू खांदा दे म्हणजे झालं," मास्तर म्हणाले.

आणि या सगळ्या धामधुमीत घरात काय चाललंय हे या माणसाला दिसलं नाही. बायको उंबऱ्याला दोनदा अडखळली. मास्तरांनी उंबरा तासून दिला. तिच्या उजव्या चपलेचं पुढचं टोक झिजून गेलं होतं, डावी जशीच्या तशी होती. मास्तरांनी चपलेच्या कंपनीला शिव्या घातल्या आणि नवा जोड आणला. कुठल्याही गाडीचं एकच टायर असं झिजलेलं दिसतं तर त्यांनी ती गाडी हलू दिली नसती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

डिस्क बसल्या. हवा काढायची वेळ आली. ती सीटवर बसली, मास्तर खाली सरकले.

"दाब."

पेडल गेलं.

"धर."

त्यांनी निपल सैल केली. ऑइलची धार सरळ यायला हवी होती. ती थरथरत आली, मध्येच तुटली, आणि निपल बंद करायच्या आत पेडल वर आलं. हवा परत आत गेली. इतक्या वर्षांत तिच्याकडून ही चूक एकदाही झाली नव्हती.

"अगं, सोडलंस का?"

"नाही हो. धरलंय की."

पुन्हा तेच झालं. मास्तर चिडून बाहेर सरकले, झापायला तोंड उघडलं, आणि उघडंच राहिलं. ती दोन्ही हातांनी स्वतःचा उजवा गुडघा खाली दाबत होती. अंगातला सगळा जोर लावून, दात ओठांत रोवून. कपाळावर घाम होता. तिचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं.

मास्तर आवाज न करता परत गाडीखाली गेले.

"दाब," ते म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "झालं. निघाली हवा. सोड."

हवा निघाली नव्हती. ती त्यांनी दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याला सीटवर बसवून काढली. पण त्या दिवशी ते कितीतरी वेळ गाडीखालून बाहेर आले नाहीत. वरती चार गाड्यांचे अवयव चकचकत होते आणि त्यांतल्या एकाचीही गरज नव्हती. म्हातारीच्या ब्रेकला पहिल्या दिवशीही काही झालेलं नव्हतं. जखम मांडीला आणि मलम शेंडीला, ही म्हण इतकी शब्दशः कुणाच्या वाट्याला आली नसेल.

इस्पितळात तपासणीच्या खाटेवर झोपताना तिने चादरीचा कोपरा चाचपला आणि म्हणाली, "ही मीच आणलीय. डाग गेला नाही बघा अजून." डॉक्टरीणबाईंनी पायाला टोचून पाहिलं, छोट्या हातोडीने ठोकून पाहिलं, बोटं वर उचलायला सांगितली. ती उचलली गेली नाहीत. नसांचा आजार होता. गेलेला जोर परत येणार नव्हता आणि उरलेलाही हळूहळू जाणार होता. गाडी लवकरच सोडायची, असंही त्यांनी बजावलं.

ती कपडे नीट करायला पडद्यामागे गेली तेव्हा मास्तरांनी खालच्या आवाजात विचारलं, "आधी आणलं असतं तर?"

"फार फरक पडला नसता," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी मान हलवली, पण त्यांना ते पटलं नाही. शेवटपर्यंत पटलं नाही. बायको म्हणत होती मला जड जातंय, आणि आपण गाडी उघडत बसलो, हे त्यांच्या मनातून गेलं नाही.

लेक सासरहून आली ती थेट चावीवरच. "बाबा, काढून घ्या ना तिच्याकडून. कुणाला लागलं म्हणजे?"

लेकीचं बरोबर होतं. मास्तरांना ते कळत होतं. पण सकाळी डोक्याला रुमाल बांधून, म्हातारीच्या दारावर एक थाप मारून बायको वर चढायची तेव्हा ती आजारी बाई नसायची, गाडीवाल्या काकू असायची. ती चावी मागायला मास्तरांचा हात पुढे होत नव्हता. आजचा दिवस जाऊ दे, असं ते रोज म्हणत. घरात 'पाय' हा शब्द दोघंही उच्चारत नसत. ती म्हणायची, "अहो, ब्रेक जड झालाय." आणि मास्तर, सगळं ठाऊक असून, म्हणायचे, "हो, झालाय खरा. बघतो."

आणि बघायचेही. त्यांनी एका लहानशा मोटारीचा बारीक मास्टर सिलिंडर आणून बसवला, त्याने पेडल आणखी हलकं झालं. पुढे पेडलची दांडी लांब केली. ब्रेक इतका हलका झाला की वर चिमणी बसली तरी गाडी थांबेल, असं भंगारवाला म्हणाला.

"तू आईला फसवतोयस असं नाही वाटत तुला?" लेकीने रागाने विचारलं. रागावली की ती बापाला अरेतुरे करायची.

"ती मला फसवते, मी तिला फसवतो," मास्तर म्हणाले. "दोघांनाही माहितीय."

एका दुपारी इस्पितळाच्या मागच्या फाटकातून फोन आला. मास्तर हातही न पुसता चढ चढून गेले, धापा टाकत. फाटकाच्या आत कपड्यांच्या रिकाम्या ट्रॉल्या आडव्या पडल्या होत्या आणि म्हातारी त्यांना नाक लावून उभी होती. कपड्यांच्या कोठीवरचा माणूस भिंतीला टेकून पाणी पीत होता. गाडी आली त्याच्या जरासंच आधी तो त्या ट्रॉल्यांपाशी उभा होता. त्याला ओरखडाही आला नव्हता.

बायको सीटवरच होती. डाव्या हाताने हातब्रेक अजून वर ओढून धरलेला. मास्तरांनी तिची बोटं एकेक करून सोडवली.

"ब्रेक चांगला होता हो," ती म्हणाली. "ब्रेकचा काही दोष नव्हता. पाय पोचलाच नाही. रेसवरून उचललाच गेला नाही."

पाय. एवढ्या दिवसांनी तिने तो शब्द उच्चारला होता. मास्तरांनी जगातला सगळा जडपणा त्या पेडलमधून काढून टाकला होता, पण पेडलपर्यंत पाय नेणारा भाग कुठल्या भंगारात मिळणार होता? तिने चावी काढली, त्यांच्या तळहातावर ठेवली आणि त्यांची मूठ आपल्या हाताने मिटली.

मास्तर कोठीवाल्याकडे गेले आणि हात जोडून उभे राहिले. "काकूंना घरी न्या," तो म्हणाला.

मास्तरांनी तिला उचलून शेजारच्या सीटवर बसवलं, उजवा पाय हातांनी आत घेतला. निघणार तोच ती म्हणाली, "आलोच आहोत तर मळके कपडे घेऊन जाऊ. खेप रिकामी कशाला?" मग कोठीवाल्याने आणि मास्तरांनी मिळून गाठोडी भरली.

उतार सुरू झाला. मास्तर गिऱ्हाइकांच्या गाड्या गॅरेजभोवती फिरवत, त्यांचा पाय सगळ्या मेकॅनिकांसारखा दांडगा. पहिल्याच वळणाला त्यांनी ब्रेक दाबला आणि म्हातारी जागच्या जागी गपकन थांबली. दोघंही पुढे आदळली, मागून गाठोडी डोक्यावर आली. चादरींच्या ढिगाऱ्यातून ती म्हणाली, "मेले असते की आज तुमच्या हातून!" आणि हसायला लागली. मास्तरही हसले. किती दिवसांनी हसले.

"हळू दाबा," ती म्हणाली.

मास्तरांनी हळू दाबला. तरी तेच. त्यांनी बूट काढले आणि मागे टाकले, अनवाणी पाय पेडलवर ठेवला.

"दाबू नका. नुसता टेकवा," ती म्हणाली. "झोपलेल्या पोराच्या अंगावर हात ठेवतो ना आपण, जागं होऊ नये म्हणून, तसा."

मास्तरांनी तसा टेकवला. म्हातारी धक्का न देता, अलगद थांबली. त्यांनी पायाकडे पाहिलं. पायात जोर असा लावलाच नव्हता. नुसतं पावलाचं ओझं होतं, तेही अर्धंमुर्धं.

"एवढंच?" त्यांनी विचारलं.

"एवढंच उरलं होतं," ती म्हणाली. "उन्हाळ्यापासून एवढंच होतं."

मास्तर तसेच बसून राहिले. पाऊल पेडलवर तेवढंच टेकलेलं, ना कमी ना जास्त, जणू ते वजन त्यांना पाठ करायचं होतं. मागच्या गाडीने हॉर्न दिला, मग आणखी एकीने दिला. बायकोने मागच्या आरशात पाहिलं आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"अहो, सोडा आता," ती म्हणाली, आणि मास्तरांनी ब्रेक सोडला.